पाण्याच्या वाटेने दख्खन

विजापूरच्या पश्चिम तटावर शेरझा बुरुजावर बसवलेली मलिक-ए-मैदान ही तोफ मुळात विजापूरची नाही. निजामशाहीच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, १५४९ मध्ये मुहंमद बिन हुसेन रूमी या तुर्की कारागिराने ती ओतली. पुढे ती परंड्याच्या किल्ल्यावर गेली आणि १६३२ मध्ये मुरारपंतांनी तिथून विजापूरला आणली. वजन सुमारे ५५ टन. एवढं धूड दख्खनच्या काळ्या मातीतून, नद्या ओलांडून कसं आणलं असेल, याची कल्पना परंडा ते विजापूर हा रस्ता स्वतः कापल्याशिवाय येत नाही. तोफेच्या अंगावर रूमीचा लेख आहे आणि विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरवलेलाही आहे. तीन सत्तांचा इतिहास एकाच धातूवर वाचायला मिळतो.

दौलताबाद, कलबुर्गी, बिदर, अहिल्यानगर, परंडा, विजापूर, छत्रपती संभाजीनगर आणि शेवटी गोवळकोंडा असा मोठा प्रवास सलग केला, तेव्हा मनात एक गोष्ट पक्की झाली. या आठ जागा म्हणजे आठ वेगळी पर्यटनस्थळं नाहीत. साडेतीनशे वर्षांत घडलेली ती एकच नगरपरंपरा आहे. तिचा कणा घुमट आणि मिनार नसून पाणी आहे. हे पाणी बघायला आपण शिकलो नाही, म्हणून ते वाचवायलाही शिकलो नाही.

या शहरांमध्ये माणसांची ये-जा तोफेहून जास्त होती. चांदबीबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी. अली आदिलशहाशी लग्न होऊन ती विजापूरला गेली. तिथली १५७९ मध्ये बांधलेली चांद बावडी तिच्या नावाची आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती माहेरी परतली आणि १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात तिने नगरचा किल्ला लढवला. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि त्यावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. ते दोघे निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याच्या बाजूने १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला लढले. शरीफजी तिथेच पडले. शहाजीराजांचं पुढचं आयुष्य आदिलशाहीत गेलं. मराठ्यांच्या राज्याची पूर्वपीठिका याच शहरांच्या दरबारांत आणि छावण्यांत घडली. तरी आपल्या पाठ्यपुस्तकांत ही शहरं फक्त शत्रूची ठाणी म्हणून येतात. हे अपुरं आहे आणि आपल्याच इतिहासावर अन्याय करणारं आहे.

एकनाथमहाराजांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्याचे किल्लेदार होते. सुलतानी कारभारातला अधिकारी आणि दत्तभक्त, दोन्ही एकाच देहात. त्यांची समाधी त्या किल्ल्यावरच आहे. गडावर येणारी बहुतेक मंडळी अंधारी, मेंढा तोफ आणि चांदमिनार पाहून परततात. मिनाराची उंची साठ मीटरहून अधिक आहे, त्यामुळे तो लक्ष वेधणारच. पण खाली हत्ती हौदाच्या काठावर घटकाभर बसा. तो हौद एवढा मोठा आहे की तो कुणाच्या हौसेसाठी खणला नसणार, हे लगेच कळतं. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून इथे आणलं जाई. यादवांनी १२व्या शतकाच्या अखेरीस ही राजधानी वसवली. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीहून कारभार इथे हलवला. ती राजधानी टिकली नाही, पण आलेली माणसं सगळी परतली नाहीत. त्यांत सूफी होते, शिपाई होते, गवंडी होते. १३४७ मध्ये बहमनी राज्य जन्मलं ते याच दौलताबादेत.

बहमनींनी राजधानी गुलबर्ग्याला, आजच्या कलबुर्गीला नेली. तिथल्या किल्ल्यातली १३६७ ची जामी मशीद पाहण्यासारखी आहे, कारण नेहमीचं उघडं अंगण तिला नाहीच. सगळा विस्तार छताखाली, कमानीमागून कमान. शहराचा जीव मात्र ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्याभोवती आहे. किल्ला ओस आणि दर्गा गजबजलेला, असं दृश्य दख्खनमध्ये वारंवार दिसतं.

बिदरला मी सर्वांत जास्त रमलो. मराठी माणसाला हे गाव दामाजीपंतांच्या कथेतून ओळखीचं असतं. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं लोकांसाठी खुली करणारे दामाजी, आणि त्यांच्यासाठी बेदरच्या बादशहापुढे मोहरांची थैली ओतणारा विठू महार. त्या कथेतलं बेदर प्रत्यक्षात तांबड्या जांभ्या दगडाच्या पठाराच्या कडेवर उभं आहे. महमूद गावानचा मदरसा १४७२ चा. गीलानहून आलेला हा इराणी व्यापारी बहमनींचा वजीर झाला, त्याने देशोदेशीचे विद्वान इथे बोलावले, आणि १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आरोपावरून त्याच्याच राजाने त्याला मारलं. मदरशाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-पिवळ्या चिनी मातीच्या फरशांचे पट्टे अजून शाबूत आहेत. औरंगजेबाच्या काळात इमारतीत दारूगोळा ठेवला होता. त्याचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग व एक मिनार गेला. जे उरलं आहे तेही पाहणाऱ्याला जागीच थांबवतं.

गावाबाहेर अष्टूरला अहमदशहा वलीची कबर आहे. आत घुमटापर्यंत सोनं, शेंदरी आणि निळ्या रंगाचं काम आहे. त्याचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे होळीनंतरच्या दिवसांत भरतो आणि त्यात लिंगायत जंगमाचा मान असतो. सुलतानाला वली मानणारे आणि त्याला अल्लमप्रभू मानणारे एकाच उंबऱ्यावर नारळ आणि फुलं घेऊन येतात. हे कुणी सलोख्याचा कार्यक्रम म्हणून आखलेलं नाही. ते शतकानुशतकं चालत आलं आहे आणि आजही चालू आहे, म्हणून मला ते कोणत्याही घुमटाहून मोलाचं वाटतं.

बिदरीकाम करणारे कारागीर जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर चांदीची तार ठोकतात आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर उकळून त्यात ते भांडं बुडवतात. धातू काळा पडतो, चांदी तशीच लखलखत राहते. ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची मातीच त्यांना लागते. किल्ला हा त्यांच्यासाठी कच्च्या मालाचं कोठार आहे. स्मारक आणि गाव यांचं नातं असंच असतं. ते तिकिटाच्या खिडकीपाशी संपत नाही.

बिदरजवळ नौबादला कारेझ आहे. डोंगरउतारावर जिथे भूजल सापडतं तिथे मूळ विहीर खणायची, तिथून गावाकडे अगदी बेताच्या उतारावर जमिनीखालून बोगदा काढायचा आणि वाटेत ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी सोडायच्या. त्यांतून खणलेला मुरूम बाहेर काढायचा, आत हवा-उजेड न्यायचा, पुढे पाणी शेंदायचं. मोट नाही, रहाट नाही, पाणी आपल्या वजनाने वाहतं आणि जमिनीखाली असल्याने उन्हाने आटत नाही. ही विद्या इराणातून आली आणि जांभ्याच्या पठारावर चपखल बसली. गेल्या दशकात नौबादच्या कारेझातला गाळ उपसला गेला तेव्हा लोकांना कळलं की ज्यांना ते बुजलेले खड्डे समजत होते ती त्यांच्या पूर्वजांची पाणीपुरवठा योजना होती.

हीच विद्या पुढे सरकत गेली. नगरला निजामशाहीत आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी पाणी शहरात येई. शेतात, पायाखणतीत त्या नळांचे तुकडे अजून निघतात. फराहबाग महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला, तोही तलावाच्या मध्यभागी. आज तलाव कोरडा आहे आणि मधोमध महाल उभा आहे. चुन्याचा गिलावा जागोजाग गळलेला, तरी आतल्या उंच दालनात गेल्यावर बांधणाऱ्याची हिंमत कळते. डोंगरावरच्या ज्या तीनमजली अष्टकोनी इमारतीला सगळे चांदबीबी महाल म्हणतात ती प्रत्यक्षात सलाबतखानाची कबर आहे. नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तिथेच १९४२ ते १९४५ मध्ये नेहरूंनी ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ लिहिला आणि मौलाना आझादांनी पत्रं लिहिली. एवढं असून पुण्या-मुंबईचा प्रवासी नगरला फक्त चहाला थांबतो आणि शिर्डीला किंवा संभाजीनगरला निघून जातो. माझ्या मते महाराष्ट्रातलं सर्वांत उपेक्षित ऐतिहासिक शहर तेच आहे.

इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. १६१७ च्या सुमारास त्याने उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून नहर आणली, तीच नहर-ए-अंबरी. १८व्या शतकातली पाणचक्की याच विद्येवर चालली. दुरून नळांतून आलेलं पाणी उंच भिंतीत चढवायचं, तिथून खाली सोडायचं आणि त्या जोरावर दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळायचं. अंबर काही केवळ बांधणारा नव्हता. त्याच माणसाने १६२४ मध्ये दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचं विजापूरजवळचं नौरसपूर उद्ध्वस्त केलं. ज्या सुलतानाने सरस्वती-गणेशाची गाणी दखनीत रचली त्याच्या स्वप्नातलं ते शहर. ही दोन्ही कामं एकाच माणसाची आहेत, हे मान्य केल्याशिवाय दख्खन समजत नाही.

विजापूरचा गोल घुमट सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर मी वेगळं काय लिहू? फक्त एक करा. घुमटावरून उतरल्यावर लगेच गाडीत बसू नका. तोरवीकडून शहरात येणारा भुयारी पाट, वाटेत पाण्याचा दाब तोडण्यासाठी बांधलेले गंज, १६५१ चा बेगम तलाव, ताज बावडी, हे पाहा. मग लक्षात येईल की तो घुमट ज्या शहरात उभा राहू शकला ते शहर आधी तहानेवर मात करून उभं राहिलं होतं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणलं ते याच परंपरेतून.

हे सगळं एक आहे, हे एके काळी अभ्यासकांना दिसत होतं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं निघालं, त्याचे प्रमुख गुलाम याझदानी. दौलताबाद, अजिंठा, गुलबर्गा, बिदर एकाच कचेरीच्या कक्षेत होती. बिदरवरचा त्यांचा ग्रंथ १९४७ मध्ये निघाला. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा इकडे, बिदर-गुलबर्गा आजच्या कर्नाटकात, गोवळकोंडा तेव्हाच्या आंध्रात गेलं. राज्यं भाषेप्रमाणे व्हावीत हे योग्यच होतं. पण त्याबरोबर दख्खनची एकत्रित ओळखही विभागली गेली. मराठी अभ्यासक बिदरला जायचा थांबला, कन्नड अभ्यासक नगरला येईनासा झाला.

त्याचा परिणाम कागदावर दिसतो. दख्खनच्या सुलतानी काळातली स्मारकं आणि किल्ले २०१४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आले. त्यात गुलबर्गा, बिदर, विजापूर आणि हैदराबाद आहे. दौलताबाद नाही, नगर नाही, परंडा नाही. २०२५ मध्ये शिवछत्रपतींच्या परंपरेतल्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्याचा मला मनापासून अभिमान आहे. त्या नामांकनाने हेही दाखवून दिलं की राज्याच्या सीमेपलीकडचा दुवा जोडता येतो. मग इथे का नाही?

दुसरी अडचण कायद्याची आहे. १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढे २०० मीटर ते नियंत्रित आहे. एका इमारतीसाठी हे कवच बरं आहे. पण नहर ही काही किलोमीटरची रेषा असते. ती घराखालून, रस्त्याखालून, शेताखालून जाते. घुमटाभोवती वर्तुळ काढून ती वाचत नाही. ड्रेनेजचं एक खोदकाम, एखाद्या इमारतीचा पाया किंवा बुजवलेली एक विहीर पुरते, आणि चारशे वर्षं वाहिलेलं पाणी थांबतं.

असं पाणी वाचवणं अशक्य नाही. गोवळकोंड्याच्या कुतुबशाही कबरींच्या परिसरात आगाखान ट्रस्टने राज्य सरकारसोबत काम केलं. तिथली पावसात ढासळलेली बडी बावडी दगडागणिक पुन्हा बांधली. आता तिचं पाणी तिथल्याच झाडांना जातं. तिथल्या बावड्यांच्या कामाला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. विजापुरातही ताज बावडीतला गाळ काढला गेला. आपल्याकडे नहर-ए-अंबरीसाठी धडपडणारे लोक आहेत, पण त्यांच्या हातात अधिकार नाही.

म्हणून मागणं स्पष्ट आहे. संभाजीनगर आणि अहिल्यानगर या दोन्ही महापालिकांनी नहरी आणि खापरी नळांचा संपूर्ण मार्ग मोजून तो विकास आराखड्यात संरक्षित रेषा म्हणून नोंदवावा, आणि त्यावर खोदकामाची परवानगी देण्यापूर्वी तो पाहणं बंधनकारक करावं. महाराष्ट्र शासनाने कर्नाटक आणि तेलंगणाशी बोलून त्या वारसायादीत दौलताबाद, अहिल्यानगर आणि परंडा यांचा समावेश मागावा. आणि वाचकहो, या दिवाळीच्या सुटीत तुम्ही यांपैकी कोणत्याही शहरात गेलात, तर राजा कोण होता हे विचारून झाल्यावर गाईडला आणखी एक प्रश्न जरूर विचारा: इथे पाणी कुठून येत होतं? तो सांगेल तिथपर्यंत चालत जा.