मृत्युपत्रातील एक ओळ

पवित्र शास्त्राच्या भाषांतरात वंशावळ्यांचे अध्याय आले की आम्हा भाषांतरकारांच्या बैठकीत थोडी मरगळ शिरते. नावांची अक्षरे जुन्या आवृत्तीशी ताडून पाहावयाची आणि पुढे जावयाचे, एवढेच काम उरते. काही वर्षांपूर्वी एज्राच्या दुसऱ्या अध्यायावर असे काम चालले असता आमचे एक अमेरिकन सल्लागार मध्येच थांबले. बंदिवासातून परतलेल्यांपैकी काही याजक घराण्यांनी आपल्या वंशावळीची नोंद शोधली, ती सापडली नाही, आणि म्हणून त्यांना याजकपणापासून दूर ठेवण्यात आले, असा तो प्रसंग. "हे माझ्या आईला वाचून दाखवले पाहिजे," असे म्हणून ते हसले. पण त्या संध्याकाळी त्यांनी आपल्या पिशवीतून एका जुन्या मृत्युपत्राची छायाप्रत काढून माझ्यापुढे ठेवली, तेव्हा ते हसत नव्हते.

त्यांच्या आईंनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन' या १८९० साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या संस्थेचे सभासदत्व मिळावे, ही त्यांची जुनी इच्छा. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या अथवा त्या कार्यास साहाय्य केलेल्या पूर्वजापासून आपण थेट उतरलो आहोत, हे एकेक पिढी कागदोपत्री सिद्ध केल्यावाचून तेथे प्रवेश नाही. घराणे व्हर्जिनियाचे. त्या राज्यात जन्ममृत्यूंची सर्वत्र नोंद सुरू झाली ती १८५३ साली. त्यापूर्वीचा माणूस शोधावयाचा तर काही चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तके आणि मुख्यतः काउंटीच्या कचेरीतील वह्या, एवढाच आधार.

काउंटी म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. १६३४ साली व्हर्जिनिया वसाहतीचे आठ विभाग करण्यात आले, तेथून ही व्यवस्था वाढली. आपल्याकडे तालुका कचेरी, दुय्यम निबंधक आणि दिवाणी न्यायालय यांच्यात वाटलेली कामे तेथे एकाच इमारतीत चालत. मृत्युपत्रांची वही निराळी, खरेदीखतांची निराळी, न्यायालयाच्या हुकुमांची निराळी. पूर्व किनाऱ्यावरील नॉर्थॅम्प्टन काउंटीत तर १६३२ पासूनच्या सलग वह्या आजही आहेत. सर्वच काउंट्यांचे भाग्य इतके थोर नव्हते. यादवी युद्धाच्या काळात सुरक्षिततेसाठी म्हणून कित्येकांनी आपली दप्तरे रिचमंड या राजधानीत पाठवली, आणि एप्रिल १८६५ मध्ये शहर पडताना लागलेल्या आगीत तीच भस्मसात झाली. जी दप्तरे उरली ती वाचणेही सोपे नाही. सतराव्या शतकातील कारकुनाचे वळणदार मोडके अक्षर, एकाच आडनावाची एकाच पानावर तीन रूपे, आणि वर्षारंभ २५ मार्चला. इंग्रजांनी १७५२ साली पंचांग बदलेपर्यंत जानेवारी १६५५ असे लिहिलेला दिवस आपल्या हिशोबाने १६५६ चा असतो. मुलगा बापाच्या आधी जन्मला असे वाटून किती संशोधक चकले असतील कोण जाणे!

या वह्यांचे बरेचसे सूक्ष्मचित्रण 'लॅटर-डे सेंट्स' पंथाच्या वंशशास्त्र संस्थेने केले. १९३८ पासून ती हे काम करीत आली. मृतांसाठी बाप्तिस्मा घेण्याची त्यांची शिकवण आपल्याला मान्य नाही, पण त्या श्रद्धेपोटी झालेल्या श्रमाचा लाभ सारेच घेतात, हेही मान्य करावयास हवे.

आता त्या मृत्युपत्राकडे येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका शेतकऱ्याने ते केले होते. त्याने क्रांतीच्या सैन्यास धान्य पुरवल्याची नोंद माझ्या स्नेह्यांना अन्यत्र मिळाली होती. त्यामुळे पूर्वजाची देशसेवा सिद्ध झाली. अडत होते ते एका विवाहित कन्येपाशी. ती याच गृहस्थाची मुलगी, हे दाखवणारा कागद नव्हता. लग्न होऊन परक्या आडनावात गेलेली स्त्री या वह्यांतून दिसेनाशी होते. आणि मग ही ओळ सापडली. त्या शेतकऱ्याने आपल्या अमुक कन्येस, अमक्याच्या पत्नीस, अमुक नावाची निग्रो स्त्री आणि तिची होणारी वाढ कायमची दिली होती. नावे मी येथे देत नाही, कारण त्यांवरून घराणे ओळखू येईल.

"इन्क्रीज या शब्दाला तुम्ही मराठीत काय म्हणाल?" त्यांनी मला विचारले. मी प्रथम 'संतती' म्हणालो. त्यांनी बोट खाली सरकवले. पुढच्याच ओळीत दुसऱ्या मुलीस एक घोडी दिली होती, आणि तिच्याबाबतही तोच शब्द होता. किंग जेम्सच्या भाषांतरात अनुवादाच्या सातव्या अध्यायात गुरांच्या वेतांसाठी हाच शब्द योजलेला आहे. मूळ लेखक एक शब्द एकाच अर्थाने लागोपाठ दोनदा वापरीत असेल तर भाषांतरकाराने तेथे दोन शब्द घालू नयेत, हा आमच्या कामातला नियम. 'संतती' हा शब्द मला खोडावा लागला. तेथे 'पैदास' हाच शब्द बसत होता. इतक्या वर्षांच्या कामात एखादा अचूक शब्द लिहिताना हात इतका जड झाल्याचे मला आठवत नाही.

माझ्या स्नेह्यांपुढील प्रश्न असा होता. ही ओळ सादर केली तर आईची वंशावळ पूर्ण होते. ती ओळ वगळली तर कन्या निराधार होते, आणि तिच्यामागून माझे स्नेहीही. कारण त्या कन्येचे नाव कागदावर येण्याचे कारण एकच, तिला एक माणूस दान मिळाले. अर्थात केवळ कामापुरता मजकूर दाखवता येतो. बापाचे नाव, मुलीचे नाव, जावयाचे नाव, आणि मध्ये काही टिंबे. वंशावळीच्या कितीतरी छापील पुस्तकांत अशी टिंबे आहेत. "मी ती टिंबे द्यावीत का?" हा त्यांचा प्रश्न. आई वृद्ध. तिला दुःख देऊन कोणाचे काय भले होणार?

बापाच्या अन्यायाचा भार मुलाने वाहू नये, असे यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात देव स्वतः सांगतो, आणि त्यात पळवाट नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या कृत्याबद्दल त्या वृद्ध बाईंना कोणी दोषी धरावे, असे मला मुळीच वाटत नाही. पण त्या बाई तर पूर्वजाचा मान मागत होत्या. मान वारशाने घ्यावयाचा आणि दोष मात्र ज्याचा त्याचा, हा हिशोब मला कधी पटलेला नाही. दोन्ही सोडावेत, नाही तर दोन्ही जवळ करावेत. नहेम्या यरुशलेमेसाठी रडला तेव्हा त्याने आपल्या पित्याच्या घराण्याचे पाप आपल्या पापाबरोबरच कबूल केले. यहेज्केलाची शिकवण त्याला ठाऊक नव्हती, असे मानण्याचे कारण नाही. दोषाची शिक्षा भोगणे वेगळे आणि घडले ते घडले असे उच्चारणे वेगळे.

त्या दिवसांत मी व्हर्जिनियाच्या जुन्या दप्तरांविषयी मिळेल ते वाचीत गेलो, आणि नॉर्थम्बरलँड काउंटीतील एका खटल्याने मला बांधून ठेवले. एलिझाबेथ की या स्त्रीचा हा खटला. तिचा बाप थॉमस की हा इंग्रज, वसाहतीच्या विधिमंडळाचा सभासद. आई आफ्रिकेची गुलाम. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. बापाने १६३६ साली मुलीस नऊ वर्षांच्या कराराने दुसऱ्या गृहस्थाच्या हवाली केले. करार केव्हाच संपला, तरी तिची सुटका झाली नाही. १६५५ साली तिचा तत्कालीन धनी वारला, तेव्हा व्यवस्थापकांनी तिला मालमत्तेतील गुलाम ठरवले. ती न्यायालयात गेली. ऐंशी वर्षांच्या एका साक्षीदार बाईने सांगितले की या मुलीच्या जन्माबद्दल थॉमसला दंड झाला होता. खटला वर गेला, फिरला, परत आला. स्वतंत्र पुरुषाचे मूल स्वतंत्र, आणि शिवाय ही बाप्तिस्मा झालेली, आपल्या विश्वासाविषयी नीट उत्तर देऊ शकणारी ख्रिस्ती स्त्री, हे दोन्ही मुद्दे विधिमंडळाच्या समितीने तिच्या बाजूने धरले. जुलै १६५६ मध्ये ती मुक्त झाली आणि तिची बाजू मांडणाऱ्या विल्यम ग्रिन्स्टेडशी तिने विवाह केला.

येथे थांबता आले असते तर किती बरे झाले असते! ज्या दोन दारांतून एलिझाबेथ बाहेर पडली, ती दोन्ही पुढे बंद करण्यात आली. १६६२ साली कायदा झाला की मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल. मुलांना बापाचे नाव देणाऱ्या समाजाने गुलामीपुरते मात्र आईचे नाते मोजले. १६६७ साली दुसरा कायदा झाला, की बाप्तिस्म्याने मनुष्याच्या गुलामीत काही फरक पडत नाही. त्याचा हेतूही कायद्यातच नमूद आहे. गुलाम हातचा जाईल ही धास्ती संपली म्हणजे मालक ख्रिस्ती धर्माच्या प्रसारास अधिक मनापासून झटतील! सुवार्तेचे नाव घेऊन लिहिलेले ते कलम मी दोनदा वाचले. तो शेतकरी त्या स्त्रीची अजून न जन्मलेली मुले कन्येला देऊ शकला, ते या १६६२ च्या कायद्याच्या बळावर.

ज्यांचे पूर्वज त्या याद्यांत घोडी-गायींच्या शेजारी आहेत, असे लोकही आज अमेरिकेत आपले घराणे शोधीत आहेत. १९७६ साली 'रूट्स' हे अ‍ॅलेक्स हेली यांचे पुस्तक आले, तेव्हापासून त्या शोधाला मोठा जोर आला. त्यांची वाट १८७० च्या जनगणनेपाशी अडते. मुक्त झालेल्या सर्वांची नावानिशी नोंद प्रथम त्या वर्षी झाली. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव, आणि खाली वय, लिंग, वर्ण एवढेच, नाव जवळजवळ कोठेच नाही. मागे जावयाचे तर मालकाच्या घराण्याची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या मोजदादीच उलगडाव्या लागतात. तेथे नाव असते, कारण किंमत लावावयाची तर वस्तू ओळखता आली पाहिजे. म्हणजे माझ्या स्नेह्यांच्या हातातला कागद त्यांच्या एकट्याच्या कुळाचा नव्हता. त्यांच्या टिंबांखाली दुसऱ्या कोणाची तरी एज्रातील न सापडलेली नोंद दडली असती. मी त्यांना एवढेच म्हणालो.

आमच्या घरी तरी काय होते? माझ्या आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत पूर्वीच्या जातीचा रकाना भरलेला आहे. त्या शब्दाचा उच्चार माझ्या वडिलांनी आम्हा मुलांपुढे कधी केला नाही. त्यांची कारणे होती, आणि ती माझ्या स्नेह्यांच्या कारणांहून निराळी होती. ज्याने सोसले त्याचे मौन आणि ज्याने मिळवले त्याचे मौन एका तागडीत घालता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी बोलता बोलता मत्तयाच्या पहिल्या अध्यायाचा विषय निघाला. दाविदाला शलमोन झाला त्या ठिकाणी ग्रीक मजकुरात आईचे नाव नाही, 'पत्नी' हा शब्दही नाही. ती केवळ 'उरीयाची' आहे. पत्नी हा शब्द आम्ही भाषांतरकार पदरचा घालतो. पण उरीया तेथे का यावा? तो त्या वंशावळीत कोणाचाही बाप नाही. मारल्या गेलेल्या त्या हित्ती शिपायाचे नाव मत्तयाला सहज गाळता आले असते, आणि वंश मुळीच तुटला नसता.

माझ्या स्नेह्यांनी आईला पूर्ण पान पाठवले. बाईंनी ते वाचले आणि काही दिवस त्या विषयावर बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले की त्या स्त्रीला पुढे मुले झाली का. मुलाने पुन्हा शोध घेतला. जावयाच्या मृत्यूनंतर झालेल्या मोजदादीत ती स्त्री होती, आणि तिच्या नावापुढे तीन मुलांची नावे व प्रत्येकाची किंमत होती. त्यानंतर त्या चौघांचा माग लागला नाही. बहुधा मालमत्तेची वाटणी झाली असावी. अर्ज मंजूर झाला. त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एक मोठे बायबल आहे. जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये कुटुंबाच्या नोंदींसाठी पाने सोडलेली आहेत. त्या चौघांची नावे तेथे लिहावीत असे बाईंनी मुलास सांगितले. कोठे लिहावीत, हे मात्र दोघांनाही ठरवता येईना. त्या पानांवर जन्म, विवाह आणि मृत्यू एवढेच मथळे छापलेले आहेत.