नकाशाची कड

आयुष्यात एकदा तरी आपण एखादे शहर वसवावे, असे प्रत्येकाला वाटते. पूर्वी त्यासाठी राजा असावे लागे. पुढे निदान सिडकोत नोकरी तरी असावी लागे. १९८९ साली 'सिमसिटी' हा संगणकावरचा खेळ निघाला आणि तीही अट उरली नाही. आता आमची सातवीतली नातसुद्धा वरणभात गार होईपर्यंत लाखभर वस्तीचे शहर उभे करते.

त्या शहराचा संसार तुमच्याआमच्यासारखाच. घरे बांधली की माणसे येतात. माणसे आली की नोकऱ्या मागतात. नोकऱ्यांसाठी कारखाने काढावेत तर धूर होतो आणि धूर झाला की माणसे निघून जातात! कारखाना नसला तर तिजोरी रिकामी, असला तर घरे रिकामी. १९९१च्या 'सिव्हिलायझेशन'मध्येही हाच पेच. उत्पादन वाढवा, की आजूबाजूची जमीन नासलीच. ती वेळेवर साफ केली नाही, तर शेवटी सगळी पृथ्वीच तापू लागते.

"मग तू काय करतेस गं?" मी नातीला विचारले.

"सोप्पंय आजोबा. कारखाने नकाशाच्या अगदी कडेला टाकायचे. धूर बाहेर गेला की तो मोजतच नाहीत."

उत्तर चोख होते. अडचण एवढीच, की आम्ही ते ओव्यात बसून ऐकत होतो. ओवे म्हणजे पनवेल तालुक्यातले, खारघरला लागून असलेले गाव. नाव ऐकून पाहुण्यांना ओवा आठवतो. ओव्याचा वास येत असता तर पोटे तरी साफ झाली असती! काही रात्री इथे जो वास येतो तो कुठून येतो, हे ओळखायला रसायनशास्त्राची पदवी लागते. खिडक्या लावायला मात्र नुसते हात पुरतात.

सिडको १९७० साली स्थापन झाली. मुंबईची गर्दी हलवायची म्हणून खाडीपलीकडे ९५ गावांची जमीन धरून ३४४ चौरस किलोमीटरचे नवे शहर आखले गेले. मुंबईच्या नकाशाची ती तेव्हा कडच. तळोज्याची औद्योगिक वसाहतही अशीच कडेची. पण खेळातला नकाशा जागचा हलत नाही, खरा मात्र पसरतो. खारघर वाढत वाढत ओव्याला येऊन भिडले. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, २०२३ साली बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो धावू लागली. काल जिथे कड होती, तिथे आज लोकांचे दिवाणखाने आहेत.

ऑगस्ट २०१७मध्ये तर तळोज्यात चक्क निळे कुत्रे फिरू लागले. एका कारखान्याचा रंग त्यांच्या अंगाला लागला होता. पंचतंत्रातला कोल्हा निळीच्या पिंपात पडला, तो निदान जंगलचा राजा तरी झाला. या बिचाऱ्यांचे वर्तमानपत्रात फोटो आले, एवढेच!

मग कारखाने नकोतच म्हणावे? छे! सकाळी मी रक्तदाबाची गोळी घेतो, ती काही तुळशीवृंदावनात उगवत नाही. आणि कितीतरी घरांतली चूल तळोज्याच्या पगारावर पेटते. उत्पादन हे पाप नव्हे. थोडाफार धूर हेही एकवेळ पाप नव्हे. पाप आहे ते 'मोजतच नाहीत' यात. माल एकाच्या वहीत जमा आणि धूर दुसऱ्याच्या छातीत!

ही युक्ती काही संगणकाने शोधलेली नाही. घाणीची कामे आणि ती करणारी माणसे गावकुसाबाहेर ठेवायची आणि आत सोवळे पाळायचे, हा खेळ आपल्या गावगाड्यात शतकानुशतके चालला. कुसाबाहेरचीही माणसेच आहेत, हे मोजायला आपण फार उशीर लावला.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. जो कोणी शहर आखील, मग तो मंत्री असो, अधिकारी असो वा कारखानदार, त्याला राहायला घर द्यावे ते वारा धूर जिकडे नेतो त्या बाजूचे. अगदी शेवटच्या रांगेतले. मग उत्पादन किती आणि धूर किती, यावर समित्या नेमाव्या लागणार नाहीत. डोक्याला जो हिशेब वर्षानुवर्षे जमत नाही, तो नाकाला एका रात्रीत जमतो.