चूक शोधायची कुठे?

१७ सप्टेंबरला हिंगोलीत झेंडावंदन होते ते मराठवाडा मुक्तिसंग्रामाचे. २०१९पासून हाच दिवस जगभर रुग्णसुरक्षा दिन म्हणूनही पाळला जातो. तारखा योगायोगाने जुळल्या. पण बरे व्हायला दवाखान्यात गेलेल्या माणसाला दवाखान्यामुळेच इजा होऊ नये, ही गोष्ट २०१९मध्ये सुचलेली नाही. ती फार आधी सांगितली गेली होती. आपण ती अर्धीच ऐकली.

रुग्णालयाचे पहिले कर्तव्य रुग्णाला अपाय न करणे हे आहे, असे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ सालच्या आपल्या रुग्णालयविषयक पुस्तकाच्या आरंभीच लिहिले. हे त्या क्रिमियन युद्धाच्या वेळी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात शिकल्या होत्या. फेब्रुवारी १८५५मध्ये तिथे शंभरातले चाळीसहून अधिक सैनिक दगावत होते, आणि तेही परिचारिका अहोरात्र खपत असताना. मार्चमध्ये स्वच्छता आयोगाची माणसे आली, त्यांनी गटारे उपसली, हवा खेळती केली आणि मृत्यू झपाट्याने उतरले. युद्ध संपल्यावर आकडे मांडताना नाइटिंगेलबाईंना उमगले, की मायेने केलेली शुश्रूषाही तुंबलेल्या गटारापुढे हरते.

आपल्यापर्यंत मात्र दिवा घेतलेली नाइटिंगेल पोहोचली. मृत्यूचे तक्ते मांडणारी पोहोचली नाही. त्याला कारणेही होती. १८९७च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई फुले गेल्या; सेवा म्हणजे त्याग हे चित्र तेव्हापासून समोर होते. १९०९मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला बायका पाठवल्या, तेव्हा परक्याचे अंग पुसण्याचे हे काम घरंदाज मानले जात नव्हते. त्याला मान मिळवून द्यायचा तर सेवा आणि त्याग हीच भाषा लोकांना कळणारी होती. मी तिला नावे ठेवणार नाही. तिच्यामुळे कितीतरी बायका आपल्या पायांवर उभ्या राहिल्या. पण त्या भाषेचे एक ओझे मागे राहिले. शुश्रूषेत काही उणे राहिले की सिस्टरच्या मनातच उणे असणार, असे आपण धरून चालतो.

मूलभूत शुश्रूषा किती अवघड असते याचा पुरावा मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग नोव्हेंबर १९७३मध्ये रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यानंतर मे २०१५पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. इतकी वर्षे पडून असूनही त्यांना बेडसोर झालेला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालात आहे. बेडसोर टाळायचा म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीची चुणी काढायची, कातडी कोरडी ठेवायची, माकडहाड आणि टाचा रोज पाहायच्या, पोटात पुरेसे अन्न जाते ना हे बघायचे. यात महागडे यंत्र एकही नाही. हवेत ते हात, आणि ते हात थकले की पाळी सांभाळायला दुसरे हात. रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असेल, तर दर दोन तासांनी ती कुणाकुणाची कूस बदलणार? मग कूस नातेवाईकच बदलतो. सलाईन संपत आल्याची हाकही तोच मारतो.

 १९९९च्या अखेरीला अमेरिकेत इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा एक अहवाल आला. वैद्यकीय चुकांमुळे त्या देशाच्या रुग्णालयांत वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसे दगावत असावीत, असा त्याचा अंदाज होता. आकड्यावर पुढे वाद झाले. त्याचे निदान मात्र टिकले: बहुतेक चुका बेपर्वा माणसांच्या नसतात, कामाच्या रचनेत राहिलेल्या फटींतून त्या घडतात.

अशी फट आपल्या वॉर्डात सहज दाखवता येते. नर्सी नामदेवच्या या मुलखात शेजारशेजारच्या खाटांवर दोन नामदेव असणे काही नवल नाही. इंजेक्शन घेऊन आलेल्या सिस्टरने ‘तुम्ही नामदेव ना?’ विचारले, तर ऐकू कमी येणारा म्हातारा मान डोलावणारच. म्हणून ‘बाबा, तुमचं पूर्ण नाव सांगा’ असे विचारायचे, ते केसपेपरशी आणि हातावरच्या पट्टीशी ताडायचे, मगच औषध द्यायचे. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. पण सिस्टरच्या हाताशी ते अर्धे मिनिट उरेल, अशी ड्युटी कुणीतरी लावावी लागते.

हे सगळे माहीत असूनही वेळ आली की आपण जुन्याच वाटेने जातो. ६ नोव्हेंबर २०२१ला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण गेले. थोड्याच दिवसांत एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. हिंगोलीचे अत्यवस्थ रुग्ण ज्या नांदेडला पाठवले जातात, तिथल्या शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळे होती. त्यानंतर हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. त्याचे चित्रण सगळ्यांनी पाहिले. मला त्याने फार वाईट वाटले. अस्वच्छता खरी होती, राग खरा होता. पण त्या बाळांवर नजर ठेवायला त्या रात्री किती जणी होत्या, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

अशा शिक्षेचा परिणाम वॉर्डात लगेच उतरतो. चुकीची बाटली हातात आली आणि वेळेवर ध्यानात आली, तर ती गोष्ट वहीत लिहायला हवी, म्हणजे सारख्या दिसणाऱ्या बाटल्या उद्या वेगळ्या ठेवता येतील. लिहिले की कारणे दाखवा नोटीस येणार असेल, तर कोण लिहील?

२०२४मध्ये हिंगोलीला १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका लागते, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक, शिवाय रजेवरच्यांच्या जागी वेगळ्या. महाविद्यालय मागताना हिंगोलीकरांनी जो जोर लावला, तेवढाच या तिघांमागे एकीसाठी लावायला हवा, आणि दर पाळीला प्रत्यक्ष किती जणी हजर आहेत तो आकडा वॉर्डाच्या दारावर रोज लिहिलेला असायला हवा.