धुराची अमानत

१९१३ साली कॅलिफोर्नियाच्या क्लॅमथ जंगलात, डोंगरमाथ्यावरच्या एडी गल्च चौकीवर हॅली डॅगेट रुजू झाली. अमेरिकेच्या वनखात्यातील ही पहिली स्त्री पहारेकरी. एकटेपणाला भिऊन ती लवकरच परतेल, असे पुरुष म्हणत. ती दहा वर्षांहून अधिक टिकली. पहिल्याच हंगामात तिने सुमारे ४० आगी टेलिफोनने कळविल्या. जंगल जळाले ते ५ एकरांहूनही कमी.

आग विझवणाऱ्याला शाबासकी मिळते; न जळलेल्या झाडांचा हिशेब कोण ठेवतो? तरीही ज्याला धूर आधी दिसतो, त्याच्याकडे खबर देण्याची अमानत असते. ‘विझवणे माझे काम नाही’ म्हणत गप्प बसणे, ही खयानतच. धूर काही फक्त जंगलातच निघत नाही.