योनाथानाच्या घराचा शोध

शास्त्रभाग : २ शमुवेल ९:१-१३



गिलबोवाच्या डोंगरावर योनाथान पडला, त्यास पुष्कळ वर्षें लोटलीं होतीं. दावीद आतां राजा होता. तरी आपल्या सोबत्याच्या घराण्यांतील कोणी उरला आहे काय, याची त्यानें विचारपूस केली. सीबा नामें चाकरास विचारिलें, लो-दबारास माणसें पाठविलीं, आणि दोन्ही पायांनीं लंगड्या मफीबोशेथास आणवून आपल्या पंक्तीस बसविलें. खरी प्रीति नुसती आठवण काढून थांबत नाहीं. ती घर शोधीत जाते.

पवनारच्या ज्या घरीं आजा किंवा काका पलटणींत होता, त्या घरास हा शास्त्रभाग विचारितो : त्याच्या शेजारीं कोण उभा होता? त्याचीं मुलेंबाळें कोठें आहेत? ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीवर मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनीं दोन जखमी सोबत्यांस पाण्यांतून व सुरुंगांतून उचलून आणिलें. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांचें नांव राहिलें. त्या दोघांचें घर कोण विचारितो? पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत पडलेल्या सामान्य हिंदी शिपायांचीं तर नांवेंही बसऱ्याच्या स्मारकावर कोरलीं नाहींत, पलटणवार केवळ संख्या कोरिली. त्याबद्दल युद्धसमाधि आयोगानें २०२१ सालीं क्षमा मागितली. उत्तम मेंढपाळ मात्र एकेकास नांवानें ओळखतो.

म्हणून पेटींतील जुना डिस्चार्ज कागद काढा. त्यावरील नंबर व पलटण उतरून घ्या आणि वर्धा येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत विचारा. मराठा पलटणीचें मुख्य ठाणें बेळगांवीं व महार पलटणीचें सागर येथें आहे. दुसऱ्या महायुद्धांत पडलेल्यांच्या आयोगाकडील नोंदींत पुष्कळदां बापाचें नांव व गांवही सांपडतें. उपदेशक बंधूंनीं वृद्धांस पत्रें लिहून द्यावीं.

घर सांपडल्यावर नम्रतेनें जा. मफीबोशेथ भ्यालेला होता; दावीदानें प्रथम त्याचें भय घालविलें. जात किंवा धर्म पाहूं नका. मरण कसें आलें हें त्यांनीं विचारिलें, तर खरें सांगा, पण ममतेनें सांगा. दावीदानें शौलाचें शेतही परत दिलें. तेव्हां त्या सोबत्याचें पत्र, पदक किंवा देणें आपल्या घरीं राहिलें असेल, तर तें परत करा.

आपणही एके काळीं दूर लो-दबारांत पडलों होतों. ख्रिस्ताकरितां पित्यानें आपणांस शोधून मेजावर बसविलें. मग सोबत्याच्या दारीं जावयास आपण उशीर कां करावा? आमेन.