कवड्याचे पट्टे

पावसाळ्यात माणगावात दिवे गेले की कुठल्या ना कुठल्या घरातून "मण्यार, मण्यार" अशी ओरड ऐकू येते. परवा ती आमच्याच पडवीतून आली. पालीच्या मागावर भिंतीवर चढलेला, हातभर लांबीचा तपकिरी साप. शेजारच्या काकांनी काठी उगारली होती. मी लांबूनच बॅटरीचा झोत टाकला. पांढरे पट्टे मानेजवळ ठळक होते, शेपटीकडे विरत गेलेले. मण्यारीचं उलट असतं, तिचे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे स्पष्ट, बहुधा जोडीजोडीने.

"काका, थांबा. कवड्या आहे. शेपटीकडे पट्टे विरत गेलेत बघा, मण्यारीचे तिथे स्पष्ट असतात."

बिनविषारी कवड्या मण्यारीसारखा दिसतो म्हणून शिकारी त्याच्या वाटेला जात नाहीत, असं मानलं जातं. रानात जो वेष जीव वाचवतो, तोच आपल्या घरात जिवावर उठतो. पिढ्यान्‌पिढ्या काठ्या पडताहेत, तरी पट्टे जात नाहीत. का?

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या ईरी सरोवरात असाच पेच आहे. तिथले पाणसाप मुख्य भूमीवर पट्टेदार आहेत, पण सरोवरातल्या बेटांवर बरेचसे बिनपट्ट्यांचे, करडे. फिकट चुनखडीच्या काठावर पट्टेदार पिल्लू चटकन नजरेत भरतं आणि टिपलं जातं. 1958 मध्ये कॅमिन आणि अर्लिक यांनी दाखवलं की बेटांवर नवजात पिल्लांत पट्टेदारांचं प्रमाण जितकं असतं, तितकं मोठ्या सापांत उरत नाही. तरी पट्टे संपत नाहीत, कारण मुख्य भूमीवरून पट्टेदार साप पोहत येतात आणि त्यांचा वंश बेटावर मिसळत राहतो.

शाळेत आपण नैसर्गिक निवड तेवढी शिकतो, ही ये-जा राहून जाते. मला तर तीच अधिक मोलाची वाटते. आमची घरं म्हणजे काठीच्या राज्यातली छोटी बेटं. ताम्हिणीकडच्या रानातून, बांधांवरून, ओढ्याकाठाने नवे कवडे येतच राहतात, आणि रानात पट्ट्यांची किंमत अजून शाबूत आहे. म्हणून मुंबई-गोवा महामार्ग रुंद होताना मला सापांची काळजी वाटते. तो ओलांडणारा साप चाकाखाली जातो. दोन्ही बाजूंची ये-जा तुटली, की प्रत्येक बाजूचे साप आपापल्या तुकड्यात अडकणार.

हे सगळं मी काकांना सांगितलं नाही. साप वाशावरून कौलांकडे निघाला होता. काकांनी काठी कोपऱ्यात टेकवली आणि माझ्या हातातली बॅटरी घेतली.

"शेपटीकडं कसे म्हणालास पट्टे?"