निवड आणि पाचारण

जयपूर शहराच्या दक्षिणेस, टोंककडे जाणाऱ्या रस्त्यावर, सीतापुरा नावाची औद्योगिक वसाहत आहे. परदेशी पाठवायची रत्ने व दागिने घडविणारे अनेक कारखाने तेथे एकवटले आहेत. कच्चा खडा हाती आला की पारखी तो उजेडासमोर धरतो. भेग कोठे आहे, डाग कोठे आहे, रंग किती खोल आहे हे न्याहाळतो आणि ठरवितो : हा फिरत्या चाकावर चढवायचा, हा बाजूला ठेवायचा. जो चढतो त्याचेही बहुधा निम्म्याहून अधिक वजन झिजून जाते, तेव्हा कोठे त्यात तेज उतरते. होतकरू मुलाविषयी बोलताना आपण मराठी माणसे याच व्यवसायातून शब्द उसना घेतो. गुरूने त्याच्या गुणांना पैलू पाडले, असे आपण कौतुकाने म्हणतो. बाजूला ठेवलेल्या खड्यांविषयी मात्र आपल्या भाषेत असा एखादा गोड वाक्प्रचार नाही. खड्याला त्याचे काहीच वाटत नाही, म्हणून तशी गरजही पडली नसावी. मुलाचे तसे नसते.

हा विचार अधिक स्पष्टपणे करण्यासाठी मी एक दूरचे वाटणारे उदाहरण घेतो, ते पाश्चात्य बॅले नृत्याच्या व्यावसायिक शाळांचे. पॅरिस ऑपेराची शाळा चौदाव्या लुईच्या आज्ञेने १७१३ साली निघाली, सेंट पीटर्सबर्गची १७३८ साली, आणि लंडनच्या रॉयल बॅले स्कूलचे मूळ निनेट द व्हॅल्वा यांनी १९२६ साली काढलेल्या संस्थेत आहे. अशा शाळांत मूल साधारणतः दहा-अकरा वर्षांचे असतानाच पारखले जाते. खुब्याच्या सांध्यातून पाय बाहेरच्या बाजूस किती वळतो, पावलाची कमान किती उंच आहे, पाठीचा कणा सरळ आहे की नाही, हातपाय धडाच्या मानाने किती लांब आहेत, हे सारे पाहिले जाते. प्रवेश मिळाला म्हणजे झाले, असेही नाही. दरवर्षी नव्याने मूल्यमापन होऊन काहींना निरोप देण्याची प्रथा पुष्कळ शाळांतून चालत आली आहे. आठ वर्षे टिकून राहिलेल्या विद्यार्थ्यालाही शेवटी एखाद्या नृत्यसंस्थेत जागा मिळेलच असे नाही. मिळाली, तरी हे जीवन अल्प असते. पॅरिस ऑपेराचे नर्तक वयाच्या ४२व्या वर्षी निवृत्त होतात. ज्या वयात आपल्याकडे एखाद्या पाळकास मंडळी 'अजून तरुण आहेत' असे म्हणते, त्या वयात या माणसाची कला त्याच्या देहातून ओसरू लागलेली असते.

कोणी विचारील, मराठी ख्रिस्ती वाचकास याचे काय? एक तर आपली मुलेही आज निरनिराळ्या नावांच्या अशाच चाळण्यांतून जात आहेत. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षा, क्रिकेटच्या निवडचाचण्या, परदेशी विद्यापीठे, सगळीकडे हीच गोष्ट. बॅलेच्या शाळेत ती चाळण प्रत्यक्ष देहावर चालते, म्हणून तिचे स्वरूप तेथे उघडे दिसते, इतकेच. आणि दुसरे असे की, आता या शाळांच्या दारांपर्यंत भारतीय मुलेही पोहोचली आहेत.

मुंबईच्या दोघांची हकिकत पुष्कळांच्या कानी असेल. यहूदा माओर नावाचे इस्राएली-अमेरिकन बॅले-शिक्षक मुंबईत द डान्सवर्क्स या नृत्यसंस्थेत शिकवीत होते. त्यांच्या हाताखाली अमिरुद्दीन शाह हा नवी मुंबईतील एका वेल्डरचा मुलगा आणि मनीष चौहान हा मुंबईतील एका टॅक्सीचालकाचा मुलगा, असे दोघे आले. हिंदी चित्रपट पाहून, रस्त्यावर कोलांट्या मारून जे नाचणे शिकता येते, तेवढीच त्यांची शिदोरी होती. एक मुसलमान, एक हिंदू आणि शिकविणारा यहुदी. आपला म्हणण्याजोगा त्यांत कोणी नाही, तरी ही गोष्ट आपल्याला बरेच काही विचारते. अमिरुद्दीन कोवळ्या वयात आला होता. २०१७ साली रॉयल बॅले स्कूलने त्याला घेतले आणि त्यानंतर शुल्क व निर्वाह यांसाठी देणगीदारांचा शोध घ्यावा लागला. मनीष बॅलेकडे वळला तो विशी गाठल्यावर. ज्या वयात इतरांचे शिक्षण पुरे होत आलेले असते, त्या वयात त्याने पहिला धडा गिरविला. गुण होता, कष्ट होते. वय मात्र निघून गेले होते. सूनी तारापोरवाला यांनी या दोघांवरून स्फूर्ती घेऊन २०२० साली 'ये बॅले' हा चित्रपट काढला, तेव्हा मनीषने स्वतःवर बेतलेली भूमिका स्वतःच केली. पुढे तो न्यूयॉर्कच्या पेरिडान्स या समकालीन नृत्य करणाऱ्या संस्थेत नाचू लागला. बॅलेच्या शिखरसंस्थांची वाट त्याची नव्हती.

आता प्रश्न असा : या दोघांपैकी पाचारण कोणाला होते?

प्रश्न असा उघडा मांडला की उत्तर सोपे वाटते. दोघांनाही असू शकेल, असे आपण म्हणतो. परंतु आपल्या मंडळ्यांतील रीत पाहा. रविवारच्या उपासनेत साक्ष देण्यास कोण उभे राहते? ज्याला प्रवेश मिळाला तो, ज्याला व्हिसा मिळाला तो, जिची नेमणूक झाली ती. 'देवाने दार उघडले' असे ते सांगतात, आणि आपण मनापासून आमेन म्हणतो. त्यात खोटे काही नाही. उपकारस्तुती करावी हे योग्यच आहे. पण त्याच बाकावर, त्याच परीक्षेस त्याच प्रार्थनेने बसलेले दुसरे मूल असते. आपल्या आमेनमधून त्या मुलाने काय ऐकावे? न बोललेले वाक्यच त्याच्या मनात अधिक खोल जाते : माझ्यासाठी देवाने ते दार लावून घेतले. शाळेच्या निवडमंडळाचा निर्णय आपण नकळत देवाच्या तोंडी घातला. निवड हा माणसांचा व्यवहार आहे. तिला जागांची मर्यादा असते, पैशांची असते, त्या दिवशीच्या परीक्षकांच्या रुचीची असते. पाचारण या शब्दाला यांपैकी एकही मर्यादा लागू होत नाही.

लग्नाच्या मेजवानीच्या दृष्टांताअखेर हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात, आणि ते वचन आपण एखाद्या परीक्षेच्या निकालासारखे वाचतो : अर्ज पुष्कळ, उत्तीर्ण थोडे. परंतु त्या मेजवानीत कोण बसले होते ते आठवावे. ज्यांची यादी आधी तयार होती ते आलेच नाहीत. आले ते चव्हाट्यावरून गोळा केलेले, बरे आणि वाईट, सगळे मिसळून. त्या दालनात गुणवत्तेवर आलेला एकही पाहुणा नव्हता. ज्याला बाहेर काढले तोही त्याची पावले वाकडी होती म्हणून नव्हे; लग्नाचा पोशाख न घालता, म्हणजे मेजवानीला मेजवानी न मानता, तो तेथे बसला होता.

शास्त्रात देहाची पारख करण्याचा एक ठळक प्रसंग आहे, तो बेथलेहेमात इशायाच्या घरी. सात पुत्र एकामागून एक शमुवेलापुढून जातात. थोरला अलीयाब उंचापुरा, पाहताक्षणी डोळ्यांत भरणारा; आणि तेथे परीक्षकच चुकतो. देव त्याला थांबवितो, आणि ज्याला कोणी बोलावलेही नव्हते असा मेंढरांमागचा धाकटा मुलगा आणवितो. या प्रसंगावर आपण दावीदाच्या बाजूने पुष्कळ उपदेश ऐकले आहेत. अलीयाबाच्या बाजूने मी तरी एकही ऐकला नाही. बापासमोर, भावांसमोर, गावच्या वडीलधाऱ्यांसमोर तो नाकारला गेला. पुढल्याच अध्यायात, रणभूमीवर धाकटा भाऊ दिसताच त्याचा राग उफाळतो. शास्त्र ती जखम लपवीत नाही. परंतु अलीयाब कशासाठी नाकारला गेला हेही तेथे स्पष्ट आहे. राज्यपदासाठी. इस्राएलातून त्याला कोणी काढले नाही, देवाच्या कळपातून त्याचे नाव खोडले नाही. एका कामासाठी झालेली निवड ही माणसाच्या मोलाविषयीचा निवाडा नसते. हे त्याला त्या दिवशी कोणी जवळ बसवून सांगितले असते तर? आपल्या मंडळीतले हे काम कोणाचे, असा प्रश्न मला येथे पडतो. कारण हार घालण्यास पुष्कळ हात पुढे येतात.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. बंद दारातूनही देव मार्ग दाखवीत नाही काय? पौलाला बिथुनियात जाऊ दिले नाही, म्हणून तर तो मासेदोनियास पोहोचला. हे खरे आहे. मात्र पौलाने ते वाट चालून झाल्यावर ओळखले, आणि स्वतःविषयी ओळखले. दुसऱ्याच्या बंद दाराचा अर्थ त्याला आपण सांगणे निराळे. सोळा वर्षांच्या रडणाऱ्या मुलीला 'देवाची इच्छा' म्हणून गप्प करणे सोपे आहे. तिच्याजवळ गप्प बसणे कठीण आहे.

ज्याची निवड झाली त्याचा प्रश्नही कमी नाही. घरात, गल्लीत जो सर्वांत चांगला नाचत असे तो नव्या शाळेत जातो आणि एकाएकी सर्वांत मागे उभा राहतो. जे येते ते विसरून उभे राहणेसुद्धा पुन्हा शिकावे लागते. या नम्रतेत काही थोर आहे. पौलानेही देहाला ताब्यात ठेवणाऱ्या खेळाडूची उपमा विश्वासणाऱ्यांना दिली आहे. परंतु शिस्त कोठे संपते आणि क्रौर्य कोठे सुरू होते? व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेराच्या बॅले-अकादमीत मुलांना अपमान व मारहाण सोसावी लागल्याचे २०१९ साली उघडकीस आले. वजन घटावे म्हणून मुलांना धूम्रपानाचा सल्ला दिला गेल्याचेही चौकशीनंतर प्रसिद्ध झाले. २०२३ साली बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात इंग्लंडमधील नामांकित बॅले-शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या देहाविषयी ऐकाव्या लागलेल्या बोलांच्या कहाण्या सांगितल्या. पौलाचा खेळाडू आपल्याच देहाला वळण लावतो; लेकराच्या देहावर दुसऱ्याची महत्त्वाकांक्षा लादण्यास त्याच्या उपमेत आधार नाही. देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे ही शिकवण आपण दारू आणि व्यभिचार यांच्या संदर्भात वारंवार सांगतो. उपाशी ठेवलेल्या देहाच्या संदर्भातही ती सांगितली पाहिजे.

खरे तर देह आणि भक्ती यांचे नाते जोडण्यास आपण मराठी ख्रिस्ती लोक थोडे बिचकतोच. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टाळ, वीणा आणि उभ्याने होणारे निरूपण मंडळीत आले. नृत्य मात्र तमाशाच्या आठवणीमुळे उंबऱ्याबाहेर राहिले. मुंबईत अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रोक्ष यांनी ख्रिस्तचरित्रावर नृत्यनाट्ये बसविली आणि फ्रान्सिस बार्बोझा यांनी भरतनाट्यमच्या भाषेत ख्रिस्ती आशयाच्या हस्तमुद्रा रचल्या, तेव्हाही अनेकांच्या भुवया वर गेल्या. कराराच्या कोशापुढे नाचणाऱ्या दावीदाला खिडकीतून पाहणारी मीखल आपल्या ओळखीची आहे. मेंढरांमागून आणलेला तोच मुलगा, राजा झाल्यावर, राजाला न शोभणाऱ्या रीतीने नाचला. त्या नाचासाठी त्याची कोणी निवड केली नव्हती.

धन्याने तीन दासांच्या हाती द्रव्य सोपविल्याच्या दृष्टांतात एक जागा रिकामी आहे, असे मला नेहमी वाटते. दोघांनी व्यापार केला आणि दुप्पट केले. एकाने भिऊन पुरले. व्यापार केला आणि सारे बुडाले, असा चौथा दास तेथे नाही. बॅलेच्या शाळेतून पाचव्या वर्षी परत पाठविलेला विद्यार्थी, घोटा मोडल्यामुळे विशीत थांबलेली नर्तिका, व्हिसा न मिळालेला मुलगा हे सारे त्या रिकाम्या जागी उभे आहेत. धनी त्यांना काय म्हणाला असता? तिसऱ्या दासाला जे बोल ऐकावे लागले ते तोट्याबद्दल नव्हते, त्याने काही गमावलेच नव्हते. ते त्याच्या भीतीबद्दल होते, धनी कठोर आहे या त्याच्या समजुतीबद्दल होते. म्हणून चौथा दास रिक्त हातांनी आला असता तरी त्याला बाहेरच्या अंधाराचा धाक नव्हता, असे मी समजतो. सर्वांना हे पटेल असे नाही. परंतु आपल्या मुलांना आपण ज्या धन्याविषयी सांगतो तो नफ्याचा हिशेब मागणारा आहे की भीती काढून टाकणारा, हे आपल्या प्रार्थनांवरून ती ओळखतात. 'हिला प्रवेश मिळू दे' ही प्रार्थना करावी. 'न मिळाल्यास आम्ही तिच्याजवळ असू' हे प्रार्थनेआधी, तिच्या तोंडावर, सांगावे.

बॅलेच्या जगातील एक रीत मला फार आवडते. जगातल्या कोठल्याही नृत्यसंस्थेत सकाळी कठड्याला हात लावून सगळे एका रांगेत उभे राहतात आणि गुडघे हळूहळू वाकविण्याच्या त्याच व्यायामाने आरंभ करतात. काल प्रवेश घेतलेले मूलही, आणि वीस वर्षे मुख्य भूमिका करणारा नर्तकही. यहूदा माओर मुंबईत हेच शिकवीत होते, वय सत्तरीकडे झुकल्यावर, स्वतःचे नाचणे केव्हाच मागे पडल्यानंतर. नव्या ऋतूत त्या दोन मुलांबरोबर तेही होते.